रत्नागिरीत रो-हाऊस घ्यावं की भाड्याचा फ्लॅट?

मावसभावाची बदली रत्नागिरीला झाली आणि त्याला हाच प्रश्न पडलाय.

पैशाचं गणित सरळ आहे. भाड्याला डिपॉझिट आणि 11 महिन्यांचा करार पुरतो. करार नोंदवून घ्याच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. रो-हाऊसला डाऊन पेमेंट, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वर्षानुवर्षांचे हप्ते.

खरा फरक पावसाळ्यात कळतो. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रो-हाऊसचं छप्पर, गच्ची, चारही बाजूंची झड, सगळं तुमच्याच गळ्यात. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजतं, स्लॅबमधली सळई फुगून प्लास्टरचे पोपडे पडतात. दरवर्षी मे महिन्यात डागडुजीचे पैसे बाजूला हवेतच. फ्लॅटमध्ये गळती मालकाला सांगता येते, पण तो मुंबईला असला तर पावसाळा बादल्या लावूनच जातो.

घेणार असाल तर बिनशेतीचा आदेश, सातबारा आणि मे महिन्यातलं विहिरीचं पाणी स्वतः बघा. समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियमही.

बदलीची नोकरी असेल तर भाड्यानेच राहा. आईवडिलांसह इथेच कायमचं राहायचं असेल, अंगण हवं असेल, तर रो-हाऊस घ्या. पण एक पावसाळा भाड्याने काढून मगच.