जाळ्यांपासूनचा नायलॉन दाणा: आठ महिने मशीनवर चालवल्यानंतर

मासेमारीची जुनी जाळी वितळवून केलेला हा दाणा इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर चालवला. माल दोनच प्रकारचा: काळ्या केबल क्लिपा आणि खुर्चीच्या पायांचे बूट. दाणा सुका आणि निर्भेळ असेल तर व्हर्जिन (कोऱ्या) नायलॉन-६ च्या सेटिंगवरच चालतो. बॅरल (दाणा वितळवणारी नळी) २३० ते २५० अंश, मोल्ड (साचा) ७० च्या आसपास. त्यात भेसळ होते ती बहुतेक वेळा बंदरावरच.

गिलनेट (मासे कल्ल्यांत अडकवणारं जाळं) नायलॉनचं, ट्रॉल (बोटीमागे ओढायचं) आणि डोलीचं (प्रवाहात बांधायचं) जाळं एचडीपीईचं, दोर बऱ्याचदा पीपीचा (दोन्ही वेगळी, हलकी प्लास्टिकं), आणि भंगारात सगळं एकाच ढिगात. तुकडे करून पाण्यात टाकले की नायलॉन (घनता १.१४) बुडतो, बाकीचे दोन तरंगतात. पण गाठीत हवा अडकली तर नायलॉनही वर येतो आणि वाळू चिकटलेलं एचडीपीई तळाला बसतं. ते नायलॉनमध्ये एकजीव होत नाही. गेटजवळ (साच्यात प्लास्टिक शिरतं तिथे) कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटतो. एकदा दाणा पाडला की ही भेसळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दाण्याबरोबर त्याच बॅचचे मूठभर धुतलेले तुकडे मागून घ्यावेत आणि १९० अंशांच्या तव्यावर टाकावेत. जो वितळला तो नायलॉन नव्हे, कारण नायलॉन-६ ला २२० लागतात. तुकडे द्यायला पुरवठादार कां-कूं करू लागला, तर उत्तर तिथेच मिळालं.

सर्वात जास्त माल वाया गेला तो पावसाळ्यात. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच दमट हवा तापवून हॉपरमध्ये (दाणा ओतायच्या नरसाळ्यात) सोडतो, तास कितीही वाढवा. डीह्युमिडिफायिंग (हवा आधी कोरडी करणाऱ्या) ड्रायरवर ८० अंश, सहा तास दिल्यावरच ओलावा ०.२ टक्क्यांखाली येतो. त्याच्यावर राहिला की मालावर चंदेरी रेघा, नोझलमधून (बॅरलच्या तोंडातून) लाळेसारखं गळणं आणि तुटका माल. रेघा रंगाने झाकता येतील, पण पाण्याने तुटलेल्या रेणूंच्या साखळ्या परत जुळत नाहीत. घाई म्हणून तापमान वाढवलं तर दाणा पिवळा पडतो.

दोनदा नोझल तुंबलं, दोन्ही वेळा शिशाच्या कणांनी. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाची वजनं असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे बॅरलमध्ये ते घट्टच राहतं, आणि चुंबकही त्याला पकडत नाही. दोरी हातानेच कापून काढलेली हवी.

रंगाची अपेक्षा ठेवू नये. हिरव्या-निळ्या जाळ्यांचा मिळून चिखलासारखा रंग येतो, त्यामुळे २ टक्के काळा मास्टरबॅच (घट्ट रंगाचा दाणा) ठरलेला. स्लोव्हेनियात २०११ पासून जाळ्यांचा नायलॉन रासायनिक पद्धतीने फोडून पुन्हा कॅप्रोलॅक्टम (नायलॉन-६ चा मूळ कच्चा माल) करतात, तो नायलॉन कोणताही रंग घेतो. हा नुसता वितळवलेला माल आहे.

ताज्या क्लिपा वाकवताच तुटल्या तर दाण्याला दोष देण्याआधी त्या गरम पाण्यात भिजवून बघाव्यात. मोल्डमधून निघालेला नायलॉन कोरडाठाक असतो, पाणी प्यायल्यावरच चिवट होतो. थोडा फुगतोही, तेव्हा घट्ट बसणाऱ्या भागांची मापं भिजवल्यानंतर घ्यावीत.

सध्या बुटांना १०० टक्के हाच दाणा, क्लिपांना ३० टक्के.