गुडघ्यातली इंजेक्शनं: अकरा महिन्यांनंतर

वय 63, मधुमेह जुना, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ‘ग्रेड 3, गॅप कमी झालाय.’ म्हणजे सांध्याची झीज. गेल्या सप्टेंबरात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, फेब्रुवारीत ‘जेल’चं.

सुई टोचताना फारसं दुखलं नाही. आधी गुडघ्यातलं पिवळसर पाणी काढलं, मोठी सिरिंज भरली. अर्धं बरं वाटलं ते तेव्हाच. नंतर औषध. चौथ्या दिवशी मी जिना कठड्याला न धरता उतरले आणि खाली येऊन घरी फोन केला, इतकं अप्रूप!

पण शुगरचं मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. फास्टिंग एरवी 130 च्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लुकोमीटरवर 248. मशीन बिघडलं म्हणून परत बोट टोचलं, तेच. आठवडाभराने आकडा खाली आला. मधुमेह असेल तर इंजेक्शनच्या आधीच आपल्या शुगरच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आराम टिकला जेमतेम अडीच महिने. डिसेंबरात मी पुन्हा तेच मागायला गेले, तर डॉक्टरांनी हात आखडला. 2017 साली अमेरिकेत अभ्यास झाला होता म्हणे: दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलं, तर नुसतं सलाइन टोचलेल्यांपेक्षा दुखणं काही कमी झालं नाही, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) मात्र जास्त झिजली. राग आला होता, पण पटलं.

मग जेल, म्हणजे हायलुरोनिक अॅसिड. 6 मिलीची एकच सुई, खर्च पंधरा हजारांच्या वर. डॉक्टरांनी अंड्याची, कोंबडीची अॅलर्जी विचारली, कारण काही कंपन्यांचं जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतं. आमच्या सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. ‘वंगण भरतात’ असं सगळे म्हणतात, पण ते काही दिवसांत, फार तर आठवड्यांत विरघळून जातं. मला फरक जाणवला पाचव्या आठवड्यात. दहापैकी सात दुखत होतं, ते पाचावर आलं. तो फरक जेलचा की व्यायामाचा, छातीठोक सांगता येणार नाही, कारण तोवर फिजिओही सुरू झाली होती. अमेरिकेतली अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना जेल सरसकट वापरू नका म्हणते, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

मधल्या काळात एका दवाखान्यात पीआरपीच्या (आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेट्सचा भाग गुडघ्यात टोचतात) तीन सुयांचं ‘पॅकेज’ सुचवलं होतं. रक्त आपलंच, म्हणून अपाय नाही, असं गोड बोलून. मेलबर्नच्या संशोधकांनी 288 जणांवर केलेल्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी आणि सलाइन यांत दुखण्याचा फरक दिसला नव्हता, ते मी वाचलं होतं. नको म्हटलं.

आज हिशोब असा. स्टेरॉइडचे ते अडीच महिने मी नुसती हिंडून घालवले. फिजिओ तेव्हाच लावायला हवी होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा आकडे मोजायचे, हा व्यायाम दुखणाऱ्या पायाने होतच नव्हता. वजन चार किलो उतरलंय. मांडी घालून बसणं सुटलं ते सुटलंच, आरतीला मी खुर्चीशेजारी उभी असते. ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत तीन महिन्यांचं अंतर हवं, नाहीतर जंतुसंसर्गाची भीती. म्हणून नवीन सुई घ्यायच्या आधी आता कॅलेंडर बघते.

डावा गुडघाही हल्ली कुरकुरतोय. त्याच्यासाठी इंजेक्शनचं अजून विचारलेलं नाही. टॉवेल मात्र दोन्ही पायांना.