पीटीएसडी कोच: लढाईहून परतलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी कितपत कामाचं?

पीटीएसडी म्हणजे लढाईसारख्या मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा, टिकून राहणारा त्रास. त्यासाठी अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०११ मध्ये काढलेलं ‘पीटीएसडी कोच’ हे ॲप मोफत आहे. खातं उघडावं लागत नाही, नाव द्यावं लागत नाही. ते आहे मुळात त्रास असलेल्या माणसासाठी, पण आमच्या मते खरा फायदा घरच्यांना होतो, कारण त्यांना न डिवचता विचारायची सोय मिळते.

सोय म्हणजे त्रासाची पट्टी, ० ते १०. राग, झोप न लागणं, आठवण उसळणं यांतलं एक निवडायचं, पट्टीवर आकडा ठेवायचा, सुचवलेला उपाय करायचा, पुन्हा आकडा ठेवायचा. श्वासाचा सराव आणि आठवणीतून आत्ताच्या क्षणाचं भान परत आणणारे व्यायाम यांत सगळ्यात कामाचे. ते माणूस शांत असताना रोज करून अंगवळणी पाडावेत. भडका उडाल्यावर पहिल्यांदा फोन पुढे केलात तर फोनच भिंतीवर जाईल. घरात एकदा पट्टी रुळली की “काय झालंय तुला?” याऐवजी “आता किती?” एवढंच विचारता येतं. उत्तर ७ आलं की मुलांना बाहेर न्यायचं, वाद तिथेच सोडायचा. त्रास कशामुळे झाला ते दुसऱ्या दिवशी, आकडा खाली असताना विचारावं.

महिन्याचा आढावा घ्यायला ॲपमध्ये पीसीएल-५ ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी प्रश्नावली आहे: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, कमाल ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या वर गेली तर तज्ज्ञांकडून तपासणी हवीच. निदान मात्र डॉक्टरच करतात, आणि त्यासाठी लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. इथे बायका, आई हमखास चुकतात: त्याच्या वतीने स्वतःच उत्तरं भरतात. तसं केलं की आकडा तुमच्या काळजीचा येतो, त्याच्या त्रासाचा नाही. दोन-तीन गुणांच्या चढउताराने घाबरूही नये.

उणिवा मोठ्या आहेत. मराठी नाही, कोकणीही नाही. मदतीसाठी दिलेले क्रमांक अमेरिकेचे, इथे निरुपयोगी. त्यामुळे पहिल्याच दिवशी मदतीच्या विभागात आपले क्रमांक घाला: घरातले दोघे, जुना पलटणीतला सोबती आणि टेलिमानस, १४४१६. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालते, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतून बोलता येतं. सैन्यदलांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. प्रत्यक्ष तपासणीला गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. निवृत्त सैनिकाने ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन पुढे जावं.

ॲपमध्ये नसलेलं, पण गोव्यात लागणारं असं एक म्हणजे आवाज. चवथ (गणेशचतुर्थी), चर्चच्या फेस्ताचे फटाके, दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचे लाउडस्पीकर. आधी दिवस आणि वेळ सांगा, दाराजवळची जागा द्या, निघायचं ठरलं तर कोण सोबत जाईल ते ठरवा. पण सगळ्याच जत्रा कायमच्या बंद करू नका. टाळत गेलं की भीती वाढते, आणि घराचं जग आखडतं. किती आणि कधी सामोरं जायचं ते थेरपिस्टबरोबर ठरवलेलं बरं. झोपेत ओरडला तर खांदा हलवू नका, दुरून, पायांच्या बाजूने नाव घेऊन हाक मारा.

दारूचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. दोन पेग घेऊन झोप लागते खरी, पण मध्यरात्रीनंतर ती तुटते, स्वप्नं वाढतात आणि उपचाराचाही गुण येत नाही. झोपेच्या गोळ्या उसन्या आणून देऊ नका. दारूबरोबर त्या जिवावर बेततात. डॉक्टरांनी लिहिलेल्या सर्ट्रालिनसारख्या (नैराश्यावरच्या, पीटीएसडीतही देतात त्या) गोळ्यांचा असर दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून पंधरवड्यात “काहीच फरक नाही” म्हणत बंद करू नयेत. ॲप हा उपचार नाही. आघातावर केंद्रित थेरपीला साधारण ८ ते १५ सत्रं लागतात, तिच्या जोडीला ते चांगलं चालतं.

मरणाची भाषा ऐकू आली तर आकडे विचारत बसू नका. एकटं सोडू नका, परवान्याची बंदूक, काडतुसं आणि औषधाच्या गोळ्यांचा साठा घराबाहेर हलवा, १४४१६ लावा. जीव तातडीने धोक्यात असेल तर ११२.