मॉड ऑर्गनायझर 2 : आठ महिने आणि अकराशे झिप फायलींनंतर

माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये 1,143 फायली आहेत. त्यातल्या एकीचं नाव 'रस्ते नवीन चांगले फायनल 2'. हे नाव मीच दिलेलं, पण कधी आणि का ते आता आठवत नाही. स्कायरिम या गेमची स्पेशल एडिशन 2016 साली आली, मी 2019 पासून खेळतेय, आणि खरं सांगायचं तर खेळण्यापेक्षा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या चाहत्यांच्या फायली, उतरवण्यातच जास्त वेळ गेलाय. आई विचारायची, "अगं, खेळतेस की नुसती वाट बघत बसतेस?" तिचं बरोबरच होतं.

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी सगळं हातानेच गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ओतत होते. एक दिवस गेम सुरूच होईना. कुठली फाईल कोणाची, कोणी कोणावर पाय दिला, काही कळायला मार्ग नव्हता. सगळं पुसलं आणि मॉड सांभाळणारं सॉफ्टवेअर, मॉड ऑर्गनायझर 2, घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे.

त्याची युक्ती समजून घ्यायला ठाणे स्टेशनबाहेरच्या भिंती आठवा. एका पोस्टरवर दुसरं, त्यावर तिसरं. दिसतं ते सगळ्यात वरचं, पण वरचं नीट सोडवलं तर खालचं जागेवरच असतं. इथे प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. गेम सुरू करताना सगळे थर एकमेकांवर लावून गेमला एकच डेटा फोल्डर असल्याचा भास करून दिला जातो. खरा डेटा फोल्डर जसाच्या तसा राहतो. एखादा मॉड नको झाला की डावीकडची टिकमार्क काढायची, बास. हातानं ओतण्याच्या काळात हे स्वप्नातही शक्य नव्हतं. त्यामुळे गेम मात्र इथूनच सुरू करावा लागतो. सवयीनं थेट स्टीम या गेमच्या दुकानावरून उघडला तर एकही मॉड दिसत नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा माझ्या छातीत धस्स झालं ते यामुळेच.

आता खरी गंमत. गेममधल्या व्हाइटरन शहरातला दुकानदार बेलेथॉर एके दिवशी काळाठिक्कर चेहरा घेऊन उभा. अंग गोरं, मान गोरी, चेहरा तेवढा कोळशासारखा. मॉड लावणाऱ्यांना हा रोग ओळखीचा आहे. माणसाची नोंद प्लगइनमध्ये, म्हणजे मॉडच्या नोंदींच्या फाईलमध्ये असते आणि चेहऱ्याचा तयार सांगाडा वेगळ्या फाईलमध्ये. या दोन्ही गोष्टी एकाच मॉडच्या असायला हव्यात. माझ्याकडे नोंद एका मॉडची जिंकत होती आणि चेहरा दुसऱ्याचा. पूर्वी अशा वेळी मी दोन्ही मॉड काढून टाकले असते. इथे यादीत मॉडच्या नावापुढे विजेचं चिन्ह येतं. अधिक असेल तर तो दुसऱ्याला झाकतोय, वजा असेल तर कोणीतरी त्याला झाकतंय. मॉडवर डबल क्लिक करून कॉन्फ्लिक्टच्या टॅबमध्ये गेलं की फाईलवार यादी मिळते. तिथे बेलेथॉरच्या चेहऱ्याची तेवढी एक फाईल लपवली. पुसली नाही, नुसती नावापुढे शेपूट लावून बाजूला केली. गेम उघडला, बेलेथॉर पुन्हा माणसात. त्या एका फाईलसाठी मी रात्रीचा एक वाजवला होता, पण असा आनंद ऑफिसात कधी मिळत नाही.

नवीन माणूस मात्र इथेच अडकतो, कारण क्रम दोन आहेत. डावीकडे मॉडचा क्रम, म्हणजे फायलींची पोस्टरं. उजवीकडे प्लगइनचा क्रम, म्हणजे नोंदींची भांडणं. लूट नावाचं साधन उजवी बाजू लावून देतं, डावीला हात लावत नाही. 'लूट चालवलं तरी झाडं जुनीच दिसतात' असं म्हणणाऱ्याला आधी हेच सांगावं. पूर्ण प्लगइन 254 च्या पुढे जात नाहीत, हलके म्हणजे ईएसएल मात्र 4,096 पर्यंत चालतात, एवढंही डोक्यात असू द्या.

पण मी हे घेतलं होतं पसारा आवरायला, आणि पसारा म्हणजे लावलेले मॉड नव्हेत, उतरवून ठेवलेले. लावलेले 640 होते, बाकीचे 'कधीतरी लागेल' म्हणून साठवलेले. नेक्सस या मॉडच्या साइटवरून उतरवलेल्या फाईलच्या नावात मॉडचा क्रमांक असतो. 12604 दिसलं की मेनू सुधारणारा स्काययूआय, 266 म्हणजे गेममधल्या चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच. मला हे ठाऊक नव्हतं, आणि हे आकडे घाण दिसतात म्हणून मी नावं 'सुधारली'. सुदैवानं नाव बदललं तरी फाईलचा ठसा बदलत नाही. राइट क्लिक करून माहिती मागवली की बहुतेक फायली ओळखल्या गेल्या, नाव-आवृत्तीसकट. न ओळखलेल्या 37 उरल्या. या मी उघडून, जागा वाचवायला मोठी टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागांची चित्रं, काढून, परत झिप केल्या होत्या. आत एवढासा बदल झाला की ठसा वेगळा, मग कोणीच ओळख देत नाही. ही चूक दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

ओळख पटली तरी एक प्रश्न उरतो, हा मॉड मी का घेतला? याचं उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही. यादीत टिपणांचा रकाना आहे, तो मी वापरते. घरून ऑफिसला जाताना ठाण्याहून दिघा गाव, मग ऐरोली, एवढाच काय तो लोकलचा प्रवास. तेवढ्यात फोनवर आदल्या रात्रीच्या दोन-तीन मॉडची कारणं लिहायची आणि घरी आल्यावर रकान्यात टाकायची. 'रिफ्टनची लाकडं जरा ओली दिसतात, म्हणून.' 'फक्त गेमच्या 1.5.97 आवृत्तीसाठी, अपडेट करू नको.' नोव्हेंबर 2021 च्या अपडेटनंतर एसकेएसई या जोड-साधनावर चालणाऱ्या मॉडच्या दोन-दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, त्यामुळे असं टिपण नसेल तर सहा महिन्यांनी आपणच आपल्याला फसवतो. जिथे कारण सुचलंच नाही तो मॉड काढला. असे 212 निघाले. यादीत गट पाडणाऱ्या विभाजकांना नावं मराठीत पण रोमन लिपीत दिलीत, कारण फोल्डरच्या नावात देवनागरी घालून बाकीच्या साधनांची परीक्षा बघायची नव्हती.

दिवाळीत भाचा आला होता. त्याच्यासाठी वेगळं प्रोफाइल केलं, सेव्हसुद्धा वेगळे. ड्रॅगनऐवजी आकाशातून रेल्वेचं इंजिन शिट्टी मारत येतं, हे त्याच्या प्रोफाइलमध्ये, माझ्यात नाही. मॉड तेच, जागा तीच, फक्त टिकमार्क वेगळ्या. "मावशी, तू पण इंजिनच ठेव ना," म्हणत होता. नाही ठेवलं.

कुरकुर करायची तर जागेबद्दल. झिप एकीकडे आणि उघडलेला मॉड दुसरीकडे, म्हणजे दुप्पट. झिपांचा फोल्डर मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेला. डिस्क जोडलेली नसली तर डाउनलोडची यादी रिकामी दिसते, पण गेम चालतो. दुसरं म्हणजे ओव्हरराइट फोल्डर. अ‍ॅनिमेशन किंवा लांबवरची झाडं तयार करणारी साधनं जे काही नवीन लिहितात ते सगळं तिथे साचतं. मी तीन महिने बघितलं नाही, 9 जीबी झालं होतं. राइट क्लिक करून त्याचा वेगळा मॉड करता येतो, तो दर वेळी लगेच करावा. आणि हो, मॉड वाढले की गेम उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

मॉड सांभाळणारं दुसरं सॉफ्टवेअर, व्होर्टेक्स, महिनाभर वापरून बघितलं. तो नेक्ससचाच, दिसायला सोपा, आणि मूळ मॉड ऑर्गनायझर लिहिणाराच पुढे तो करायला गेला. पण तो फायली हार्डलिंकनं, म्हणजे त्याच फाईलचं दुसरं नाव लावून, खऱ्या फोल्डरमध्ये आणून ठेवतो, म्हणून साठवणही गेमच्याच ड्राइव्हवर लागते. शंभरेक मॉड असतील तर तोच घ्या, डोकं कमी खाईल.

गेल्या रविवारी त्या 37 मधल्या तीन झिप उघडून बघितल्या. दोनांत तेच रस्ते निघाले, तिसऱ्यात एक कोंबडी. रस्ते काढले, कोंबडी ठेवली. उरल्या 34.