सवयींचा वार्षिक संच: पुस्तिका उत्तम, तक्ता गुंडाळून ठेवावा

मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी तयार केलेला सवयींचा एक वार्षिक संच आम्ही संपूर्ण शैक्षणिक वर्षभर वापरला. पालकांसाठी पुस्तिका, मुलांसाठी वही, पवित्र शास्त्रातील वचनांची ३६ कार्डे आणि भिंतीवर लावायचा मोठा तक्ता, त्यावर चिकटवायच्या चांदण्यांसह, एवढे साहित्य त्यात मिळते. वर्षाचे ३६ आठवडे धरून सहा सवयी आणि प्रत्येक सवयीला सहा आठवडे, अशी मांडणी आहे. आमची थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि धाकटा सहा वर्षांचा.

संचाची खरी योग्यता पालकांच्या पुस्तिकेत आहे. तिच्यामागची विचारसरणी शार्लट मेसन (१८४२–१९२३) या ब्रिटिश शिक्षिकेची आहे, आणि पुस्तिका हे ऋण मोकळेपणाने मान्य करते. सवयी म्हणजे आयुष्याच्या गाडीसाठी आईवडिलांनी आधीच टाकून ठेवलेले रूळ, ही मेसनबाईंची उपमा. लक्ष देणे, आज्ञापालन आणि खरे बोलणे या तीन सवयींना त्यांनी दिलेले महत्त्वही येथे तसेच जपलेले आहे. एका वेळी एकच सवय हाती घ्यायची आणि ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, ही शिस्त मात्र पालकांनाच पाळावी लागते, आणि ती वाटते तेवढी सोपी नाही.

पुस्तिकेतील पहिला धडा मुलांसाठी नाहीच. आपण दिवसभरात एकच सूचना किती वेळा देतो, हे पालकांनी आठवडाभर लिहून ठेवावे, असे त्यात सांगितले आहे. हा प्रकार मला प्रथम पोरकट वाटला होता. तिसऱ्या दिवशी माझ्याच टिपणांवरून लक्षात आले की ‘वही जागेवर ठेव’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी चारदा उच्चारत होते, पहिल्या तीन वेळा हातातले काम न सोडता आणि चौथ्यांदा आवाज चढवून, आणि धाकटा बरोबर चौथ्या वेळी उठत होता. त्याला ऐकण्याची सवय नव्हती असे नव्हे. चौथ्यांदा ऐकण्याची सवय मीच त्याला लावली होती. त्यावर पुस्तिकेने सुचवलेला उपाय साधा आहे: मुलाजवळ जावे, त्याचे लक्ष आपल्याकडे आले की एकदाच सांगावे आणि काम होईपर्यंत तेथून हलू नये. पहिल्या पंधरवड्यात यात माझा इतका वेळ गेला की दुपारचे गणित दोनदा बुडाले. नंतर मात्र जो वेळ वाचू लागला, तो हिशेबात धरला तर तक्रारीला जागा उरत नाही.

लक्ष देण्याच्या सवयीसाठी लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांतच संपवावेत, उतारा एकदाच वाचावा आणि मग मुलाने तो स्वतःच्या शब्दांत सांगावा, ही मेसनबाईंची पद्धत पुस्तिकेने चांगली समजावून दिली आहे. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला (वाट्याचा पैसा उधळून डुकरे राखायची पाळी आलेला मुलगा पश्चात्तापाने घरी परततो आणि बाप त्याला आनंदाने जवळ घेतो, ही गोष्ट) वाचल्यावर धाकटा डुकरांपाशी बराच वेळ रमला आणि तेथून थेट पायातल्या जोड्यावर आला. मुलगा इतक्या दुरून अनवाणी चालत आला असणार, म्हणून बापाने जोडा आणायला लावला, असे त्याचे म्हणणे. पश्चात्तापाचा मुद्दा राहून गेला म्हणून मी मध्येच तोंड उघडले, तेव्हा थोरली म्हणाली, “आई, तो सांगतोय ना अजून.” सांगणाऱ्या मुलाला अडवू नये, हे वाक्य मी त्याच आठवड्यात पेन्सिलने अधोरेखित केलेले होते.

एवढ्या समंजस पुस्तिकेसोबत चांदण्यांचा तक्ता कशासाठी दिला असावा, हे मला वर्षअखेरीपर्यंत उमगले नाही. ठरवलेली गोष्ट केली की चांदणी, चुकली की लाल चौकोन, अशी ही व्यवस्था आहे. थोरलीने दुसऱ्याच आठवड्यात हिशेब मांडायला सुरुवात केली. मेज पुसण्याचे काम ती आधी आपणहून करत असे. आता फडके हातात घेण्यापूर्वी ती मला दिसेल अशा जागी उभी राहू लागली. यात नवल नाही. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावले, तेव्हा नंतरच्या मोकळ्या वेळात त्या मुलांचा चित्रकलेतला रस घटलेला आढळला. शिवाय, आपले दानधर्म लोकांनी पाहावे म्हणून करू नका, हे येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले शिक्षण ज्या संचाच्या कार्डावर छापलेले आहे, त्याच संचाने सत्कृत्यांची चांदण्यांनी जाहीर नोंद ठेवावी, ही विसंगती संपादकांच्या नजरेतून सुटायला नको होती.

लाल चौकोनांबद्दलचा माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे आणि व्यक्तीव्यक्तींमध्ये १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक असल्याचे दिसले. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे काही बिघडले नाही. तो अभ्यास प्रौढांचा होता, तरीही प्रत्येक मुलाला, प्रत्येक सवयीसाठी नेमके ४२ दिवस हे गणित किती ताठर आहे, ते त्यावरून ध्यानात येते. आम्ही खरे बोलण्याची सवय दहा आठवडे चालवली आणि वेळेवर उठण्याची तीन आठवड्यांत आटोपली. परिणामी सहापैकी पाचच सवयी पूर्ण झाल्या.

वचनांची कार्डे जाड कागदावर सुबक छापलेली आहेत आणि पाठांतरासाठी सोयीची आहेत. निवडीत एक उणीव मला खटकली. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे हे पहिले वचन आज्ञापालनाच्या कार्डावर आहे. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, हे त्याच अध्यायातील चौथे वचन ३६ कार्डांत कोठेही नाही. ते मी त्याच कार्डाच्या मागे हाताने लिहिले. पाठांतराच्या वेळी मुले कार्ड उलटून माझ्यासमोर धरतात आणि ते मला म्हणायला लावतात.

कौटुंबिक प्रार्थनेचे प्रकरण अवघे चार पानांचे असले तरी नेटके आहे. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना देवाच्या वचनांविषयी मुलांशी बोलत जावे, हे पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील सांगणे घेऊन, वेगळी तासिका राखण्याऐवजी दिवसाच्या या चार सांध्यांना प्रार्थना जोडण्याचे त्यात सुचवले आहे. आमच्याकडे निजतानाची तेवढी टिकली. मुलांची वही ठीक आहे. तिच्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही.

पुस्तिका स्वतंत्रपणे मिळेल का, अशी मी प्रकाशकांकडे लेखी विचारणा केली होती. संच फोडून विकला जात नाही, असे उत्तर आले. त्यामुळे घेणाऱ्याला तक्ताही घ्यावाच लागेल. त्याची मागची बाजू कोरी आहे आणि कागद चांगला असल्यामुळे नकाशे काढायला ती उपयोगी पडते.