जायरोट्रॉन की बॅकवर्ड वेव्ह ऑसिलेटर?

पणजीतल्या छोट्या प्रयोगशाळेसाठी टेराहर्ट्झ स्रोत, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधले किरण देणारं यंत्र, निवडायचा, तर मी बॅकवर्ड वेव्ह ऑसिलेटरच घेईन. तो आणि जायरोट्रॉन, दोन्ही इलेक्ट्रॉनांच्या झोतातून किरण काढणाऱ्या निर्वात नळ्या. जायरोट्रॉनची ताकद दांडगी, अगदी किलोवॅटपर्यंत. पण त्यात इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गोल फिरतात आणि त्या फिरण्याच्या मूळ वारंवारतेवर (मूळ हार्मोनिकवर) क्षेत्राच्या दर टेस्लामागे जेमतेम 28 गिगाहर्ट्झ मिळतात. 0.5 टेराहर्ट्झला सुमारे 18 टेस्ला, म्हणजे अतिवाहक चुंबक आला, त्याच्या थंडाव्याचा खर्च आला.

बॅकवर्ड वेव्हची नळी कायम चुंबकासह टेबलावर मावते, व्होल्टेज बदललं की वारंवारताही सरकते. शक्ती मात्र मिलिवॅटांत. खरी कसोटी घडणावळीची: 1 टेराहर्ट्झला तरंगलांबी 0.3 मिलिमीटर, त्यामुळे नळीच्या आतल्या तांब्याच्या भिंतीवरच्या, लहरीला मंद करणाऱ्या खाचा मायक्रॉनांत कोराव्या लागतात; भिंत जरा खडबडीत राहिली की तांब्यातच शक्ती जिरते.

आणि आपल्या गोव्याच्या दमट हवेतली वाफ हे किरण शोषते. पावसाळ्यात नमुना कोरड्या नायट्रोजनमध्येच ठेवा.