साडेचार हजारांत नाही, फुकटात सापडले पणजोबा

सेवा: महायुद्धांत गेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट. पाचपैकी चार तारे.

आमच्याकडे पहिल्या महायुद्धाचं एक मेडल आहे, पंखवाल्या परीचं. मूळची तीन असणार. चांदीचं होतं ते मोडून आजीच्या पाटल्यांत गेलं, ताऱ्याच्या आकाराच्या तिसऱ्याचा पत्ता नाही. हे पितळेचं समजून कुणी मागितलं नाही, म्हणून राहिलं. माहिती एवढीच की पणजोबा 'बसऱ्याला गेले, आले नाहीत'. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं. तिथी ठाऊक नाही, त्यामुळे पितृपक्षात त्यांचं पान सर्वपित्रीला.

आधी मी शहाणपणा केला. पूर्वजांची लष्करी माहिती काढून देणाऱ्या एका गृहस्थांना साडेचार हजार पाठवले. दीड महिन्यानं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आलं. नाव आमचं, पलटण भलतीच, बापाचं नाव तर कुणा तिसऱ्याचं. पुढं कळलं की तसलं सर्टिफिकेट या साइटवरून कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. फरक फक्त लॅमिनेशनचा.

मग स्वतः बसलो. मेडलच्या चित्राकडं बघू नका, कड बघा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठोकलेली असते. आत्यानं दर दसऱ्याला चिंच-मीठ लावून घासल्यामुळं आमची निम्मी अक्षरं गुळगुळीत झाली होती. खिडकीत तिरप्या उन्हात धरून भिंगानं वाचली तेव्हा '117 मराठाज' लागलं. कृपा करून मेडल घासू नका.

साइटवर नाव टाकलं तर शून्य. इंग्रजी कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय. घ चा ग, ळ चा ल, आडनाव तर पुष्कळदा नाहीच. नावाचा रकाना कोरा ठेवून नंबर आणि पलटण टाकली, तेव्हा कुठं गाठ पडली. आजचं 'मराठा लाइट इन्फंट्री' टाकून उपयोग नाही. 1922 मध्ये पलटणींची फेररचना झाली, 117 ची पाचवी 'रॉयल' बटालियन झाली. मेडलवर आहे तेच जुनं नाव घ्यायचं. तळाशी जादा माहितीत बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा. गावाचं स्पेलिंग डोळ्यांनी ओळखू येईना, पण मोठ्यानं वाचलं आणि आत्या आतून म्हणाली, "आपलंच की!"

तारीख 22 नोव्हेंबर 1915. म्हणजे टेसिफोनची लढाई, बगदादच्या खालच्या अंगाला, आजचं सलमान पाक. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनची तुर्कांशी लढाई त्याच दिवशी सुरू झाली. तिथून मागं फिरलेलं सैन्य कुत गावात वेढ्यात अडकलं, उपाशी राहून 29 एप्रिल 1916 ला शरण गेलं. त्या उपासमारीतून पणजोबा सुटले म्हणायचं.

एक तारा कापलाय तो साइटचा नव्हे, खरं तर दगडाचा. तिकडं गेलेल्यांच्या स्मारकावर, बसरा मेमोरियलवर, चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, पण हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत. अधिकाऱ्यांची आहेत, शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. ते मेमोरियलसुद्धा 1997 मध्ये उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलं. पणजोबांचं नाव पडद्यावर आहे, तिथं नाही.

आणखी एक, ही साइट मेलेल्यांचीच आहे. पहिल्या महायुद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात गेलेले सापडतात. तुमचे आजोबा-पणजोबा सुखरूप परत आले असतील तर इथं वेळ घालवू नका. फोटो, भरतीचे कागद वगैरेही मिळत नाहीत.

रात्री जुनं पंचांग काढून बसलो. त्या दिवशी कार्तिक वद्य प्रतिपदा. आत्यानं गुरुजींना फोन करून टाकलाय, यंदा पक्षात प्रतिपदेलाच यायचं म्हणून.